पोट टम्म, पण अंग धरत नाही: वाळक्या कुरणावरच्या गुरांना नेमकं काय द्यायचं?

मैदानचारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

मी मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या गुरांच्या कळपावर काम करतो. उष्ण कटिबंधातलं कुरण आहे, पाच महिने पाऊस आणि सात महिने कोरडे. गुरं वशिंडाची, काही संकर. गवत म्हणाल तर गिनी, ब्रॅकियारिया आणि उंचवट्यावर अंजन. गोठा नाही. गुरं बारा महिने उघड्यावर.

पाऊस संपून तीन महिने झाले. गवताला तोटा नाही, गुडघ्याच्या वर उभं आहे, पण वाळून काडी झालंय. गुरं दिवसभर चरतात, पोटं टम्म दिसतात आणि तरी पाठीचा कणा वर यायला लागलाय. दीड-दोन वर्षांची खोंडं पावसाळ्यात दिवसाला अर्धा-पाऊण किलो वाढत होती, ती ठप्प झाली. अंगावर वासरू असलेल्या गाई तर पंधरवड्या-पंधरवड्याला उतरताना दिसतात.

"ताकद कमी पडतेय" असा निष्कर्ष काढून आम्ही जनावरामागे दीड किलो भरडलेला मका सुरू केला. सहा आठवडे झाले. मका संपतोय, गवत तसंच उभं, आणि गुरं होती तिथेच. वर नवीन खोड लागली आहे: सकाळी मक्याची गाडी येईपर्यंत फाटकापाशी ताटकळत राहायचं, आणि खाऊन झालं तरी चरायला पांगायचं नाही.

मक्यात काय चुकतंय? युरियाबद्दल ऐकून आहे, पण त्याची मला धास्ती आहे. तिचं कारण सवडीने सांगतो.

निमवैद्य

बाकी सगळं नंतर. शेण कसं पडतंय ते सांगा.

मैदानचारी

घट्ट. कड्यांवर कड्या रचल्यासारखं उंच राहतं. काठीने फोडलं तर आत काड्या जवळजवळ अख्ख्या. पावसाळ्यात पसरट पो पडायचा, मध्ये खळगा असलेला.

निमवैद्य

मग गुरांनी उत्तर देऊनच टाकलंय.

गवत गाय पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले (चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जंतू पचवतात. त्या जंतूंना नत्र लागतं. चाऱ्याच्या कोरड्या अंशात साधारण ७ टक्के कच्ची प्रथिने (म्हणजे नत्रावरून काढलेला प्रथिनांचा आकडा) असतील तर त्यांचं भागतं. त्याखाली गेलं की जंतू घटतात, काडी फुटायला वेळ लागतो, आणि जुना चारा पुढे सरकल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. तुम्हाला भरलेलं दिसतं ते पोट तुंबलेलं आहे. आतलं जनावर उपाशीच.

आपली उष्ण कटिबंधातली गवतं झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने निबर होतात. कोवळेपणी १० ते १२ टक्के प्रथिने असतात, कधी त्याहून जास्त. फुलोरा आला की उतरण लागते. वाळून उभं राहिलेलं गवत ३ ते ५ टक्क्यांवर येतं. त्यात थंड प्रदेशातल्या गवतांपेक्षा यांच्यात तंतू आणि लिग्निन (काडीतला न पचणारा लाकडी अंश) जास्त. चांगल्या दिवसांत जे जनावर वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा खातं, तेच आता दीड टक्क्यावर अडकतं.

आता मक्याचं. मक्यात प्रथिने ८-९ टक्के, बाकी बहुतेक सगळं पिष्ट. पिष्टावर जगणारे जंतू त्याने फोफावतात आणि कोठीपोटात जे काही थोडं नत्र होतं ते तेच पळवतात. आतली आम्लताही वाढते आणि तंतू फोडणारे जंतू आणखी मागे पडतात. शिवाय दाण्याने भूक भागते, म्हणून तेवढं गवत कमी खाल्लं जातं. वजनाच्या ०.३ ते ०.५ टक्क्यांपुढे दाणा गेला की हे हमखास दिसतं. तुमचं खोंड ३०० किलोचं धरलं तर दीड किलो म्हणजे बरोबर अर्धा टक्का. फाटकापाशी उभी राहणारी गुरं आळशी नाहीत हो, त्यांचा हिशोब चोख आहे.

मका वाईट नाही. त्याची पाळी अजून आलेली नाही, इतकंच. आधी नत्र.

आकडेमोडे

डॉक्टरांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो.

४०० किलोची गाय, वजनाच्या दीड टक्का खाते, म्हणजे ६ किलो कोरडा चारा. ४ टक्के प्रथिने धरली तर पोटात जातात २४० ग्रॅम. ७ टक्क्यांच्या हिशोबाने हवीत ४२० ग्रॅम. तूट १८० ग्रॅम.

युरियात ४६ टक्के नत्र. नत्राला ६.२५ ने गुणायचं, म्हणजे १ ग्रॅम युरिया जवळपास २.९ ग्रॅम प्रथिनांच्या बरोबरीचा. ६० ग्रॅम युरियाने १७२ ग्रॅम भरून निघतात. तूट संपली. हेच ४५ टक्क्यांच्या सोयाबीन पेंडीतून द्यायचं तर रोज ४०० ग्रॅम, आणि २३-२४ टक्क्यांच्या टरफलासकट सरकी पेंडीतून पाऊण किलो.

गंधक विसरू नका. नत्राच्या दर १० भागांना १ भाग गंधक लागतं, कारण जंतू आपलं प्रथिन बांधताना ते वापरतात. ६० ग्रॅम युरियात २७.६ ग्रॅम नत्र, म्हणजे पावणेतीन ग्रॅम गंधक. अमोनियम सल्फेटमध्ये २४ टक्के गंधक असतं, ते १२ ग्रॅम पुरे. लक्षात ठेवायला सोपं: युरिया पाच भाग, अमोनियम सल्फेट एक भाग.

चाऱ्याचा तपासणी अहवाल हाताशी असेल तर आणखी एक भागाकार करून बघा. एकूण पचनीय पोषक घटकांची टक्केवारी भागिले प्रथिनांची टक्केवारी. उत्तर ७ च्या वर आलं तर नत्र कमी पडतंय. वाळक्या गवताचं ५० भागिले ४ म्हणजे साडेबारा. कोवळ्याचं ६० भागिले १० म्हणजे ६. म्हणून पावसाळ्यात युरियाचा उपयोग होत नाही आणि आत्ता होतो.

रानमेवा

माफ करा, पण युरिया हे खत आहे. जनावराला खत चारायचं? निसर्गाच्या विरुद्ध नाही का हे?

निमवैद्य

रानमेवा, तुमच्या गाईच्या लाळेत आत्ता या क्षणी युरिया आहे. कोठीपोटात जास्तीचा अमोनिया झाला की तो रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, थोडा लघवीतून बाहेर पडतो आणि बाकीचा लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत आत येतो. चारा निकस असला की हा फेरा आणखी काटेकोर होतो. वशिंडाची गुरं यात विशेष पटाईत, वाळक्या कुरणावर ती जास्त तगतात याचं हेही एक कारण. आपण त्या फेऱ्यात थोडी भर घालतो.

धोका आहे, नाही असं नाही. पण तो खत असण्यात नाही, मात्रेत आणि हलगर्जीपणात आहे.

मैदानचारी

आता माझ्या धास्तीचं कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कळपावर होतो. तिथे मिठात युरिया मिसळून उघड्या गव्हाणीत टाकायचे. कोरड्या हंगामात एका रात्री अवकाळी सर येऊन गेली. पहाटे मी पाण्याच्या टाकीकडे निघालो तर गव्हाणीच्या आसपास, दगड फेकला तर पोचेल एवढ्याच अंतरात, नऊ गुरं आडवी. पोटं फुगलेली, तोंडाला फेस. एक खोंड अजून उभं होतं. अंगावर माशी बसली की कातडी थरथरते ना, तशी त्याची सगळी कातडी थरथरत होती, पण थांबत नव्हती. मी जवळ जाईपर्यंत पुढचे गुडघे टेकले. गव्हाणीच्या तळाशी वीतभर पाणी होतं, तोंडाला लावलं तर खारट-कडवट. आमच्यातल्या कुणालाच काय करायचं ते ठाऊक नव्हतं. गाडी घेऊन माणूस पाठवला, तो परत येईस्तोवर तेही गेलं.

तेव्हापासून युरियाचं पोतं दिसलं तरी नको वाटतं.

निमवैद्य

वाचून वाईट वाटलं. जे घडलं ते अगदी ठरलेल्या वाटेने घडलं. कोरडं मिश्रण जनावर चाटतं, म्हणजे युरिया थोडा थोडा जातो. पाण्यात विरघळला की दोन घोटांत दिवसाच्या कितीतरी पट जातो. कोठीपोटात त्याचा भसकन अमोनिया होतो, यकृताला आवरत नाही. वीस मिनिटांपासून तास-दोन तासांत लक्षणं दिसतात: लाळ, थरथर, झोकांड्या, पोटफुगी.

उपाय साधा आहे, पण लगेच व्हायला हवा. व्हिनेगर आणि थंड पाणी. मोठ्या जनावराला ३ ते ६ लिटर व्हिनेगर आणि त्यावर २०-३० लिटर थंड पाणी, जठरनळीने. आम्लामुळे अमोनिया रक्तात शिरणं मंदावतं आणि थंड पाण्याने युरिया फुटायचा वेग कमी होतो. जनावर आडवं पडून आचके द्यायला लागलं की फार थोडी वाचतात. युरिया वापरणाऱ्याने व्हिनेगरचे डबे आणि नळी जवळ ठेवायलाच हवी, गाव-शहर गाठून आणायची ती वस्तू नाही.

मात्रेचं म्हणाल तर सवय नसलेल्या जनावराला १०० किलो वजनामागे ४०-५० ग्रॅम एका दमात गेला की जीव धोक्यात. उपाशी जनावराला त्याहून कमीही पुरतो. आकडेमोड्यांचे ६० ग्रॅम ४०० किलोच्या गाईला दिले तर १०० किलोमागे १५ होतात, आणि तेही दिवसभरात वाटून. दोन-तीन आठवडे चढत्या मात्रेने सवय लावायची. पहिला आठवडा नुसतं मीठ आणि खनिज द्या, म्हणजे मिठासाठी हपापलेली गुरं युरियावर तुटून पडणार नाहीत. मध्ये चार दिवस चाटण, म्हणजे हे चाटायचं मिश्रण, संपून राहिलं तर सवय मोडते, पुन्हा खालून सुरुवात करायची. आणि लहान वासरांना नाहीच. त्यांचं कोठीपोट अजून तयार झालेलं नसतं.

कालवडवाली

सगळे गव्हाणीत काय टाकायचं ते बोलताय. गाईच्या अंगावरून काय काढायचं ते कुणी विचारलं नाही.

मैदानचारीदादा, अंगावर वासरं असलेल्या गाई उतरतात म्हणालात. वासरं केवढी आहेत?

मैदानचारी

सहा-सात महिन्यांची. काही त्याहून मोठी.

कालवडवाली

मग आजच तोडा ती. उद्या नको.

सहा महिन्यांच्या वासराला त्या दुधाचा आता कितीसा आधार? गाईला मात्र ते दूध बनवायला स्वतःचं अंग जाळावं लागतंय. वासरू तोडलं की गाईची गरज जेवढी खाली येते, तेवढं भरून काढायला पेंडीची पोती रिकामी करावी लागतील. मी तर म्हणते कोरड्या हंगामातला पहिला खुराक म्हणजे वेळेवर वासरू तोडणं. तोडलेल्या वासरांना चांगली पेंड द्या. लहान तोंडं आहेत, थोडक्यात भागतं, आणि दिलेलं वाढीला लागतं.

दुसरं. गाभण गाईचं अंग विताना गेलेलं असेल तर ती पुन्हा लवकर माजावर येत नाही. पहिलारू तर सगळ्यात आधी मार खाते, कारण ती स्वतः वाढतेय, पाजतेय आणि पुढच्या गर्भाचीही तिच्याकडून अपेक्षा. पेंड थोडीच असेल तर कळपाला सारखी वाटू नका. पहिलारू आणि गाभण कालवडी वेगळ्या काढा आणि तिथे द्या. धडधाकट भाकड गाय युरिया-मिठावर निघून जाते.

तिसरं, गवत मोजलंय का? चाटण सुरू झालं की गुरं जास्त गवत खायला लागतात. त्यासाठीच तर देतोय. म्हणजे उभं गवत लवकर संपणार. गवतच नसेल तर युरिया चाटून काय पचवणार, माती?

आकडेमोडे

ताईंच्या तिसऱ्या मुद्द्यासाठी: २०० जनावरं, प्रत्येकी रोज ७ किलो, अजून १२० दिवस. १६८ टन कोरडं गवत. हेक्टरी १ टन खरोखर तोंडात जाईल असं धरलं तर १६८ हेक्टर. उभं असलेलं सगळं मोजायचं नाही. तुडवलेलं, लोळलेलं आणि पुढच्या फुटव्यासाठी राखायचं ते वजा करायचं. साधारण निम्मं हाती लागतं.

मैदानचारी

गवत पुरेल, मोजलं. वासरांचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. ताई, कान पकडले.

बांधावरून

चाटण द्यायच्या पद्धतीबद्दल थोडं, मी तिन्ही वापरून झालोय.

सुटं मिश्रण: मीठ, युरिया, अमोनियम सल्फेट, खनिज, थोडी पेंड. करायला सोपं. मीठ इथे चवीपुरतं नसतं, ते लगाम आहे. गुरं जास्त खायला लागली की मीठ वाढवायचं, तोंड लावेनात की पेंड वाढवायची. मात्र पाणी आधीच खारं असेल तर हा लगाम चालत नाही. युरियाचे गोळे राहता कामा नयेत, हाताने चुरून चाळून घ्यायचा. एक गोळा एका जनावराच्या तोंडात गेला की संपलं.

चाटण वीट: मळी, युरिया, कोंडा, मीठ आणि घट्ट व्हायला चुना किंवा सिमेंट. जिभेने झिजवूनच खावी लागते, म्हणून त्यातल्या त्यात सुरक्षित. वीट कडक जमली तरच हं. मऊ राहिली तर दांडगी गुरं दाताने फोडून खातात.

मळीचा हौद: पातळ मळीत वजनाच्या ८ टक्के युरिया नीट विरघळवून. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या कुरणांवर हे सर्रास चालतं. युरिया कडू, तोच गुरांना आवरतो. पण युरिया कमी पडला तर गुरं मळी ढोसतात, आणि मळी हाताबाहेर गेली की मेंदूवर परिणाम होऊन झोकांड्या खातात, आंधळ्यासारखी भिंतीला धडकतात. हौदात पावसाचं पाणी साचलं तर वर आंबून दारूसारखं होतं ते वेगळंच.

गव्हाण पाण्यापासून दूर ठेवा. पाण्याजवळ ठेवली तर गुरं तिथेच दिवस काढतात आणि लांबचं गवत तसंच राहतं.

बांधावरून

(प्रतिसाद दोनदा पडला, म्हणून काढला.)

निमवैद्य

अवांतर, पण महत्त्वाचं: बाजारच्या तयार चाटणात मोनेन्सिन हे औषध आहे का ते पिशवीवर वाचा. गुरांना ते चालतं, घोड्याला थोडंसंही जीव घेतं. कळपाबरोबर घोडे फिरत असतील तर त्यांचं तोंड तिथे पोचता कामा नये. आणि पैदाशीच्या वळूला सरकीचा भडिमार नको. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकाचा वीर्यावर परिणाम होतो.

आकडेमोडे

एक आडमुठा प्रश्न विचारू? खोंडांना हे सगळं द्यायचंच कशाला?

कोरड्या हंगामात रोडावलेलं जनावर पहिल्या हिरव्या गवतावर इतरांपेक्षा जोरात वाढतं. म्हणजे आत्ता चाटण देऊन राखलेलं २०-३० किलोंचं अंतर पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बरंचसं मिटलेलं असतं. ज्या खोंडाला अजून एक पूर्ण पावसाळा कुरणावर काढायचाय, त्याच्यावर केलेला खर्च पाऊस पुसून टाकतो.

कालवडवाली

अर्धं खरं. मिटतं, पण सगळं मिटत नाही. आणि नुसतं वाढ थांबलेलं खोंड वेगळं, महिनोन् महिने झिजलेलं वेगळं. पहिलं उसळी मारतं. दुसऱ्याचा सांगाडाच खुरटतो, त्याला पाऊस काय करणार? शिवाय पाऊस महिनाभर लांबला म्हणजे? झिजलेल्या गुरांचं पहिल्याच सरीत काय होतं ते मी पाहिलंय. थंड पाऊस, ओलं अंग, आत चरबी नाही. चिखलात बसतात ती उठत नाहीत.

आकडेमोडे

मान्य. मग असं म्हणतो: येता पावसाळा संपताच विकायची खोंडं असतील तर त्यांना या हंगामात फक्त वजन टिकेल एवढं युरिया-मीठ. पावसाच्या आधीच विकायची असतील तर त्यांना पेंड आणि मका दोन्ही, मिळून वजनाच्या ०.३ ते ०.५ टक्के. तिथे उसळीची वाट बघायला वेळच नाही.

कालवडवाली

हे पटलं. विक्रीची तारीख ठरवल्याशिवाय खुराक ठरत नाही. लोक उलटं करतात.

मैदानचारी

आज आणखी एक पाहिलं. ओढ्याच्या काठी जुना सापळा पडलाय, तिथे एक गाय पायाचं हाड तोंडात आडवं धरून चघळत उभी होती. हुसकावली तर हाड सोडेना, तोंडात घेऊनच चालायला लागली. लाळेचा धागा जमिनीपर्यंत. ही व्यायलेली आहे. मिठाची भूक असेल का?

निमवैद्य

मिठाची नव्हे, बहुतेक फॉस्फरसची. आणि हे हसण्यावारी नेऊ नका.

उष्ण कटिबंधातल्या कित्येक लाल, आम्लधर्मी जमिनींत फॉस्फरस कमी असतो, आणि असलेला लोह-ॲल्युमिनियमने जखडलेला. गवतात तो उतरत नाही. दूध पाजणारी गाय मग स्वतःच्या हाडांतून काढते. हाडं, लाकूड, दगड चघळणं, आखडून चालणं, उशिरा माजावर येणं, ही त्याची लक्षणं. दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या आसपास याची साखळी जुळवून दाखवली. गुरं पांगळी होऊन मरत होती. फॉस्फरसच्या भुकेने ती कुजक्या सापळ्यांची हाडं खात आणि त्यातल्या बोटुलिझमच्या (कुजक्या सांगाड्यात वाढणाऱ्या जंतूच्या) विषाने दगावत.

म्हणून आधी ते सापळे गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. बोटुलिझमची लस मिळत असेल तर टोचून घ्या.

फॉस्फरस देण्याची वेळ बहुतेक जण चुकतात. कोरड्या हंगामात जनावर नत्राअभावी वाढतच नसतं, त्यामुळे त्याची फॉस्फरसची गरजही कमी असते. आत्ता दिलेल्याचा गुण फारसा दिसत नाही. खरा तुटवडा पडतो पावसाळ्यात, गवत हिरवंगार असताना, कारण तेव्हा जनावर वाढायला बघतं आणि हाडाला माल कमी पडतो. हिरव्या गवतात पोटभर चरूनही खोंडं म्हणावी तशी वाढत नसतील तर तिथे संशय घ्या. पावसाळ्यात नत्र काढा आणि फॉस्फरस घाला, कोरडं पडलं की उलट. व्यायलेल्या गाईच्या चाटणात मात्र आत्ताही थोडा असू द्या.

आकडेमोडे

पावसाळी गवतात ०.१ टक्का फॉस्फरस धरला तर १० किलो चाऱ्यातून १० ग्रॅम मिळतो. वाढत्या किंवा पाजणाऱ्या जनावराला अंदाजे १५ लागतो. कमी पडलेले ५ ग्रॅम १८ टक्क्यांच्या डायकॅल्शियम फॉस्फेटमधून द्यायचे तर २८-३० ग्रॅम रोज. खतासाठीचा खनिज फॉस्फेट दगड नको, त्यातल्या फ्लोरिनने दात आणि हाडं जातात.

बांधावरून

पावसाळ्यात गुरांना चाटणाकडे वळवणं हेच कर्मकठीण. चोहीकडे हिरवं, डबक्यांत पाणी, गव्हाणीकडे फिरकतं कोण? मी गोडीला थोडी मळी शिंपडतो आणि गुरं दुपारी जिथे बसतात तिथे गव्हाण नेऊन ठेवतो. तरी काही नाहीच चाटत.

रानमेवा

युरियाबद्दलचं म्हणणं मागे घेतो. पण विकत आणलेल्या नत्रापेक्षा कुरणातच द्विदल चारा लावला तर? सुबाभूळ, स्टायलो?

निमवैद्य

लाखातलं बोललात. सुबाभळीच्या पाल्यात २० टक्क्यांच्या वर प्रथिने असतात, आणि तिची मुळं खोल असल्याने गवत वाळल्यावरही ती बराच काळ हिरवी राहते. एकच गोम आहे. तिच्यातलं मिमोसिन आणि त्यापासून कोठीपोटात होणारं विष यांमुळे केस झडतात, गलगंड होतो, वाढ खुंटते. एके ठिकाणची गुरं सुबाभळीवर आजारी पडत आणि दुसरीकडची खुशाल खात. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या शेळ्यांमध्ये याचं उत्तर शोधलं: त्यांच्या कोठीपोटात ते विष पचवणारा जंतू होता. तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडला आणि गुण आला. १९९२ मध्ये त्या जंतूला जोन्स यांचंच नाव मिळालं, सिनर्जिस्टीस जोन्सिआय. तुमच्या गुरांना सवय नसेल तर सुबाभूळ हळूहळू वाढवा, आणि गवत सोबत हवंच.

स्टायलो फॉस्फरस कमी असलेल्या जमिनीतही तग धरतं. मात्र तिथे ते खाणाऱ्या जनावरालाही फॉस्फरस कमीच मिळतो, तेव्हा चाटण सुटत नाही.

मैदानचारी

चार आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

मका बंद केला, फाटकापाशी दोन दिवस हंबरडा होता. वासरं तोडली, तोही तीन रात्री हंबरडा. पहिलारू वेगळ्या काढून त्यांना रोज पाऊण किलो सरकी पेंड. सगळ्यांना एकदम तोंड घालता येईल एवढी गव्हाण लावली. बाकीच्यांना आठवडाभर नुसतं मीठ-खनिज, मग युरिया चढवत नेला, आता माणूस रोज वजन करून टाकतो. व्हिनेगरचे डबे आणि नळी गव्हाणीजवळच्या खोलीत कुलपाशिवाय ठेवलीत. ओढ्याकाठचे सापळे जाळले.

वजनं अजून घ्यायचीत, त्यामुळे किलोचं काही बोलत नाही. पण दहाव्या-बाराव्या दिवसापासून शेण बदललं. कड्या गेल्या, पो बसका पडतो, फोडला तर काड्या बारीक. आणि गुरं दुपारी उठून परत चरायला जातात, जे आधी होत नव्हतं.

गव्हाणीवर पत्र्याचं छप्पर घातलंय. तळाला भोकं पाडायचीत. किती आणि कुठे?

बांधावरून

छप्पर गव्हाणीपेक्षा दोन्ही अंगांनी चांगलं हातभर बाहेर काढा, तिरपा पाऊस आत येतो. भोकं तळाला अंगठ्याएवढी, दर वीतभर अंतराने. आणि गव्हाण जरा एका बाजूला कलती बसवा, म्हणजे मधे पाणी थांबत नाही. दर आठवड्याला काडीने भोकं मोकळी करायची. ओलसर मीठ बसून बुजतात, आणि बुजलीत हे वरून दिसत नाही.

मैदानचारी

उद्याच करतो. काडी गव्हाणीलाच दोरीने बांधून ठेवतो.